सिस्टिमच्या जीलिबसीऐवजी दुसरी सी लायब्ररी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर जुना आणि प्रोग्रॅम नवा, किंवा प्रोग्रॅम जुना आणि सिस्टिम कालच अपग्रेड झालेली. दोन्ही वेळा गाडी अडते ती सी लायब्ररीपाशी, म्हणजे प्रोग्रॅम ज्यावर उभे असतात त्या मूलभूत फंक्शनांच्या संचापाशी. लिनक्सवर ती बहुधा जीलिबसी असते. इथली उत्तरे ६४-बिट इंटेल/एएमडी लिनक्स आणि जीलिबसी गृहीत धरून दिली आहेत. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीबद्दल शेवटाकडे थोडे आहे. उदाहरणांत वेगळी जीलिबसी '/ऑप्ट/जीलिबसी-२.३९' या फोल्डरात ठेवली आहे असे समजा.

"व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड" म्हणजे नेमके काय?

तुमची बायनरी (बिल्ड होऊन तयार झालेली, चालवता येणारी फाइल) ज्या मशीनवर बिल्ड झाली तिथली जीलिबसी नवी होती आणि तुम्ही ती चालवताय तिथली जुनी आहे. जीलिबसीतल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो. एखाद्या फंक्शनचे वागणे बदलले की जुने रूप जुन्या शिक्क्यासह तसेच राहते आणि नवे रूप नव्या शिक्क्यासह शेजारी येते. लिंक करताना, म्हणजे प्रोग्रॅम लायब्ररीशी जोडताना, लिंकर समोर असलेले सर्वांत नवे रूप उचलतो आणि त्या शिक्क्याचे नाव बायनरीत लिहून ठेवतो. चालवताना लोडर (लायब्ऱ्या मेमरीत आणून प्रोग्रॅमशी जुळवणारा) ते नाव शोधतो, आणि सापडले नाही तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

याचे गाजलेले उदाहरण 'मेमसीपीवाय', मेमरीचा तुकडा कॉपी करणारे फंक्शन. २०१० मध्ये जीलिबसीत त्याची नवी, वेगवान अंमलबजावणी आली. एकमेकांवर चढणारे मेमरीचे तुकडे मेमसीपीवायने कॉपी करणे नियमाने चूकच, पण फ्लॅश प्लेयर ती चूक करत होता आणि आजवर ती खपून जात होती. फेडोरा १४ वर त्याचा आवाज फाटायला लागला आणि बग ट्रॅकरवर लिनस टोरवाल्ड्ससकट सगळे भांडले. अखेर २.१४ मध्ये मेमसीपीवायला नवा शिक्का मिळाला आणि जुन्या बायनरींसाठी २.२.५ चा शिक्का सुरक्षित वागणुकीसह राहिला. जुन्या बायनरी मोडू न देण्याचा हा हट्ट आहे म्हणूनच बाकी सगळी उत्तरे शक्य आहेत.

पण माझा प्रोग्रॅम दहा ओळींचा आहे. त्याला २.३४ कशाला लागते?

कारण 'मेन' सुरू होण्याआधी जे फंक्शन चालते, '__लिबसी_स्टार्ट_मेन', त्यालाच २.३४ मध्ये नवा शिक्का मिळाला. त्यामुळे २.३४ किंवा त्यापुढच्या जीलिबसीवर बिल्ड केलेला अगदी 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा किमान २.३४ मागतो. ऑगस्ट २०२१ च्या या आवृत्तीतच पी-थ्रेड, डीएल वगैरे स्वतंत्र लायब्ऱ्या मुख्य लायब्ररीत विलीन झाल्या. म्हणून व्यवहारात जीलिबसीचे जग २.३४ च्या आधीचे आणि नंतरचे असे दोन भागांत पडले आहे. सी++ वाल्यांना २.३८ हा आणखी एक उंबरठा लागतो: 'एसटीआरटूएल' आणि 'एसस्कॅनएफ' कुटुंबातली फंक्शने तिथून नव्या नावांकडे वळवली जातात, त्यामुळे कोडमध्ये एक अक्षरही न बदलता मागणी वाढते.

कुठल्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या वितरणावर) कोणती जीलिबसी आहे हे हाताशी ठेवा. सेंटओएस ७ वर २.१७, उबुंटू १८.०४ वर २.२७, डेबियन १० आणि रेड हॅट ८ वर २.२८, उबुंटू २०.०४ आणि डेबियन ११ वर २.३१, रेड हॅट ९ वर २.३४, उबुंटू २२.०४ वर २.३५, डेबियन १२ वर २.३६, उबुंटू २४.०४ वर २.३९.

नवी 'लिबसी.एसओ.६' एका फोल्डरात ठेवली, 'एलडी_लायब्ररी_पाथ' (लायब्ऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारे व्हेरिएबल) दिला, आणि आता 'एलएस'सुद्धा सेगफॉल्ट होतो (मेमरीच्या चुकीने कोसळतो). का?

या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचा. जीलिबसी म्हणजे एक फाइल नव्हे. 'लिबसी.एसओ.६' आणि लोडर ('एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२') ही जोडी आहे. दोघे एकाच वेळी, एकाच सोर्समधून बिल्ड होतात आणि एकमेकांच्या आतल्या रचना थेट वाचतात. त्या आतल्या व्यवहारासाठी 'जीलिबसी_प्रायव्हेट' नावाचा वेगळा शिक्का आहे, आणि तो पुढच्या आवृत्तीत तसाच राहील असे कोणी कबूल केलेले नाही.

आता काय घडते ते बघा. बायनरीच्या आत लोडरचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो: '/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२'. कर्नल तो पत्ता वाचतो आणि आधी लोडरला मेमरीत आणतो. 'एलडी_लायब्ररी_पाथ' वाचण्याचे काम त्यानंतर, त्या लोडरचेच. म्हणजे तुम्ही व्हेरिएबल बदलून लिबसी नवी दिलीत, पण तिला उचलणारा लोडर सिस्टिमचा, जुनाच राहिला. जोडी फुटली. नशीब बरे असेल तर 'जीलिबसी_प्रायव्हेट' सापडत नाही असा स्वच्छ एरर येतो, नाहीतर सेगफॉल्ट. शिवाय व्हेरिएबल एक्सपोर्ट केलेले असल्याने त्या शेलमधून निघणारी प्रत्येक कमांड त्यात सापडते. आत्ता लगेच 'अनसेट एलडी_लायब्ररी_पाथ' करा. ती शेलच्या पोटातली कमांड आहे, ती चालेल.

तेव्हा नियम असा: लोडर आणि लिबसी दोन्ही बदला, नाहीतर एकही बदलू नका. इंटरनेटवर दिसणारे निम्मे उपाय हा नियम मोडतात.

मग सिस्टिमचीच जीलिबसी बदलून टाकली तर?

नको. 'एलएस', 'सीपी', 'सुडो', एसएसएच, पॅकेज मॅनेजर, सगळे त्याच दोन फाइलींवर उभे आहेत. अर्धवट कॉपी झाली की ती दुरुस्त करायला लागणारी कमांडही बंद पडते.

आधीच करून बसला असाल तर उघडे असलेले रूट टर्मिनल बंद करू नका. चालू शेल मेमरीत आहे, त्याच्या 'सीडी', 'एको' यांसारख्या पोटातल्या कमांडा चालतात. अनेक डिस्ट्रोंवर 'एसएलएन' नावाची छोटी स्टॅटिक कमांड असते. ती 'एलएन -एस' चे काम कोणत्याही लायब्ररीशिवाय करते आणि नेमकी अशा प्रसंगासाठीच जीलिबसीसोबत येते. स्टॅटिक बिझीबॉक्स (अनेक कमांडा एकाच फाइलीत देणारे साधन) असेल तर उत्तम. जुनी फाइल अजून डिस्कवर असेल तर जुन्या लोडरचा पूर्ण पत्ता देऊन त्याच्याकरवी 'सीपी' किंवा 'एमव्ही' चालवता येते. यातले काहीच नसेल तर पेन ड्राइव्हवरून बूट करणे आले.

वेगळी जीलिबसी बिल्ड कशी करायची?

जीसीसी (कंपायलर), मेक, बायसन, जीऑक, पायथन ३ आणि कर्नलची हेडर्स लागतील. सोर्स उलगडा, आणि बाहेर वेगळे बिल्ड फोल्डर करा. सोर्सच्या फोल्डरात बिल्ड करायला कॉन्फिगर साफ नकार देतो.

एमकेडीआयआर बिल्ड, सीडी बिल्ड
../जीलिबसी-२.३९/कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/जीलिबसी-२.३९
मेक -जे८
मेक इन्स्टॉल

प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायचे फोल्डर, चुकूनही '/यूएसआर' देऊ नका. तसे केलेत तर तुम्ही वरच्या प्रश्नात सांगितलेल्या खड्ड्यात स्वतःच्या पायाने गेलात. 'एलडी_लायब्ररी_पाथ' सेट असून त्यात चालू फोल्डर येत असेल तर कॉन्फिगर थांबतो, आणि शेवटी राहिलेला एखादा ':' म्हणजेही चालू फोल्डरच, हे सहसा लक्षात येत नाही. ऑप्टिमायझेशन बंद करून, म्हणजे '-ओ०' ने, जीलिबसी बिल्ड होत नाही. डीबगिंगसाठी हवी असली तरी '-ओ२ -जी' वरच समाधान माना.

फक्त चाचणी घ्यायची असेल तर इन्स्टॉल करायचीही गरज नाही. बिल्ड फोल्डरात 'टेस्टरन.एसएच' तयार होते, त्यापुढे आपला प्रोग्रॅम द्यायचा. लोडर, लायब्ऱ्या, लोकेल (भाषा आणि देशानुसारच्या सेटिंग्ज) यांचे पत्ते ती स्क्रिप्ट स्वतः जुळवते.

इन्स्टॉल झालेले फोल्डर नंतर दुसरीकडे हलवू नका. त्यातली 'लिबसी.एसओ' ही लायब्ररी नसून काही ओळींची टेक्स्ट फाइल आहे, आणि तिच्यात पूर्ण पत्ते लिहिलेले असतात.

माझा प्रोग्रॅम तिच्याशी लिंक कसा करायचा?

चार गोष्टी त्या नव्या फोल्डरातून याव्या लागतात: हेडर्स, सुरुवातीच्या ऑब्जेक्ट फाइली, लायब्ररी आणि लोडर. बहुतेक जण तिसरी आणि चौथी देतात आणि पहिल्या दोन विसरतात.

जीसीसी मेन.सी -ओ मेन
-आयसिस्टिम /ऑप्ट/जीलिबसी-२.३९/इन्क्लूड
-बी/ऑप्ट/जीलिबसी-२.३९/लिब/
-एल/ऑप्ट/जीलिबसी-२.३९/लिब
-डब्ल्यूएल,--आरपाथ=/ऑप्ट/जीलिबसी-२.३९/लिब
-डब्ल्यूएल,--डायनॅमिक-लिंकर=/ऑप्ट/जीलिबसी-२.३९/लिब/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२

(सगळे एकाच ओळीत. इथे वाचायला सोपे जावे म्हणून तोडले आहे.)

यातला '-बी' का हवा ते सांगतो. 'मेन'च्या आधी चालणारा कोड 'सीआरटी१.ओ' या फाइलीत असतो आणि जीसीसी ती आपणहून सिस्टिमच्या फोल्डरातून उचलतो. सिस्टिम जुनी आणि वेगळी जीलिबसी २.३४ च्या पुढची असेल तर जुनी 'सीआरटी१.ओ' '__लिबसी_सीएसयू_इनिट' मागते, जे नव्या लायब्ररीतून काढून टाकले आहे, आणि लिंकिंग तिथेच फसते. हा प्रकार बरा, निदान एरर तरी दिसतो. उलटा प्रकार घातक आहे. नव्या सिस्टिमची 'सीआरटी१.ओ' आणि जुनी लायब्ररी यांचे लिंकिंग बिनबोभाट होते, प्रोग्रॅमही सुरू होतो, पण सी++ चे ग्लोबल कन्स्ट्रक्टर चालतच नाहीत. मग तुम्ही दोन दिवस आपल्याच कोडमध्ये बग शोधत बसता.

प्रोग्रॅम मोठा असेल, पंधरा लायब्ऱ्या असतील, तर हे फ्लॅग एकेक करून लावण्यात अर्थ नाही. त्या जीलिबसीभोवती पूर्ण 'सिसरूट' (हेडर्स आणि लायब्ऱ्यांचे स्वतंत्र फोल्डर) उभारा आणि जीसीसीला '--सिसरूट' द्या. क्रॉसटूल-एनजी हे साधन ते काम नीट करते.

सोर्स नाही, फक्त बायनरी आहे. मग?

दोन वाटा. पहिली, लोडरलाच प्रोग्रॅमसारखे चालवा:

/ऑप्ट/जीलिबसी-२.३९/लिब/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ --लायब्ररी-पाथ /ऑप्ट/जीलिबसी-२.३९/लिब:/यूएसआर/लिब६४ ./प्रोग्रॅम

बायनरीला हात लागत नाही, म्हणून करून बघायला ही वाट छान. पण '/प्रॉक/सेल्फ/एक्सई' (चालू प्रोग्रॅमची फाइल कोणती ते सांगणारी लिंक) आता लोडरकडे बोट दाखवते, त्यामुळे स्वतःच्या जागेवरून बाकीच्या फाइली शोधणारे प्रोग्रॅम गोंधळतात. आणि या प्रोग्रॅमने स्वतःचीच दुसरी प्रत सुरू केली तर ती सिस्टिमच्या लोडरने सुरू होते.

दुसरी वाट पॅचेल्फ. निक्सओएसच्या मंडळींनी बनवलेले हे साधन बायनरीत कोरलेला लोडरचा पत्ता आणि लायब्ऱ्यांचा शोधमार्ग दोन्ही बदलते: '--सेट-इंटरप्रिटर' आणि '--सेट-आरपाथ'. कायमसाठी हेच वापरा. मूळ बायनरीची प्रत आधी बाजूला ठेवा, आणि बायनरीवर सही किंवा चेकसम तपासणी असेल तर ती आता जुळणार नाही हे ध्यानात घ्या. लोडरच्या पत्त्यात '$ओरिजिन' चालत नाही, कारण तो कर्नल वाचतो. तिथे पूर्ण पत्ताच द्यावा लागतो.

हे खेळ फक्त हौशी लोक करतात असे नाही. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोडच्या १.८६ आवृत्तीने रिमोट सर्व्हरसाठी किमान जीलिबसी २.२८ मागायला सुरुवात केली आणि उबुंटू १८.०४ व सेंटओएस ७ वर काम करणारे एका अपडेटमध्ये बाहेर फेकले गेले. ओरड झाल्यावर काही काळाची सूट मिळाली. त्यानंतरचा जो मार्ग त्यांच्या दस्तऐवजांत आहे तो हाच: क्रॉसटूल-एनजीने सिसरूट बनवा, पॅचेल्फचा पत्ता द्या, सर्व्हर त्यावर चालवा.

आरपाथ आणि रनपाथ यांत फरक काय?

दोन्ही बायनरीत कोरलेले लायब्ऱ्यांचे शोधमार्ग. आजचे बहुतेक लिंकर '--आरपाथ' दिला तरी बायनरीत रनपाथ लिहितात. रनपाथ फक्त त्या बायनरीच्या थेट अवलंबनांना लागू होतो, त्या लायब्ऱ्यांना पुढे लागणाऱ्या लायब्ऱ्यांना नाही. शिवाय 'एलडी_लायब्ररी_पाथ' त्याच्यावर मात करतो. जुना आरपाथ पुढच्या पिढ्यांनाही लागतो आणि व्हेरिएबलच्या आधी बघितला जातो. वेगळ्या जीलिबसीसाठी मला आरपाथच बरा वाटतो. तो हवा असेल तर '-डब्ल्यूएल,--डिसेबल-न्यू-डीटॅग्ज' द्या, पॅचेल्फमध्ये '--फोर्स-आरपाथ'.

आता 'लिबस्टडीसी++' (सी++ ची लायब्ररी) सापडत नाही म्हणतोय. ती तर सिस्टिमवर आहे!

आहे, पण नव्या लोडरला तुमच्या सिस्टिमचा पत्ता माहीत नाही. तो '/इटीसी/एलडी.एसओ.कॅश' (सिस्टिमच्या लायब्ऱ्यांच्या पत्त्यांची यादी) वाचत नाही, त्याची कॅश '/ऑप्ट/जीलिबसी-२.३९/इटीसी' मध्ये असायला हवी. त्या फोल्डरात 'एलडी.एसओ.कॉन्फ' बनवून सिस्टिमच्या लायब्ऱ्यांचे फोल्डर लिहा आणि '/ऑप्ट/जीलिबसी-२.३९/एसबिन/एलडीकॉन्फिग' चालवा. किंवा आरपाथमध्ये ते फोल्डर शेवटी जोडा. शेवटीच. आधी जोडले तर सिस्टिमची लिबसी आधी सापडेल आणि जोडी पुन्हा फुटेल.

'जीलिबसीएक्सएक्स_३.४.३० नॉट फाउंड' असा एरर मात्र जीलिबसीचा नाहीच. नावे सारखी दिसतात म्हणून फसायला होते. ती जीसीसी १२ सोबत येणाऱ्या सी++ लायब्ररीची मागणी आहे. बायनरी तुमची असेल तर '-स्टॅटिक-लिबस्टडीसी++ -स्टॅटिक-लिबजीसीसी' ने बिल्ड करा, विषय संपला.

प्रोग्रॅम चालला, पण लॉगमध्ये वेळ साडेपाच तास मागे आहे आणि मराठी तारखा इंग्रजीत येतात.

दोन्हीचे मूळ एकच. जीलिबसी आपल्या डेटा फाइली प्रीफिक्सच्या आत शोधते.

वेळेसाठी ती '/ऑप्ट/जीलिबसी-२.३९/इटीसी/लोकलटाइम' बघते. ती फाइल नसते, मग गुपचूप यूटीसी धरले जाते. तिथून सिस्टिमच्या '/इटीसी/लोकलटाइम' कडे सिमलिंक द्या. प्रोग्रॅम 'एशिया/कोलकाता' असे नाव देऊन टाइमझोन मागत असेल तर 'टीझेडडीआयआर' ला '/यूएसआर/शेअर/झोनइन्फो' द्या.

लोकेलचेही तसेच. 'एमआर_आयएन' आणि कोकणीचे 'केओके_आयएन' ही दोन्ही लोकेल जीलिबसीच्या सोर्समध्ये आहेत, पण 'मेक इन्स्टॉल' ती तयार करून देत नाही. 'सेटलोकेल' अपयशी ठरते, प्रोग्रॅम 'सी' लोकेलवर राहतो, 'जानेवारी'चे 'जॅन्युअरी' होते आणि टर्मिनलवरच्या काही प्रोग्रॅमांत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. आधी '/ऑप्ट/जीलिबसी-२.३९/लिब/लोकेल' हे फोल्डर बनवा, मग त्याच प्रीफिक्समधली लोकेलडेफ कमांड चालवा:

/ऑप्ट/जीलिबसी-२.३९/बिन/लोकेलडेफ -आय एमआर_आयएन -एफ यूटीएफ-८ एमआर_आयएन.यूटीएफ-८

सिस्टिमचे लोकेल फोल्डर 'लॉकपाथ'ने दाखवण्याचा मोह होतो. तयार लोकेल फाइलींची रचना आवृत्तीनुसार बदलू शकते, म्हणून तो टाळलेला बरा. नुसते यूटीएफ-८ हवे असेल, मराठी महिने नको असतील, तर २.३५ पासून 'सी.यूटीएफ-८' आहे. तेही लोकेलडेफनेच तयार करून घ्या.

'एलडीडी' अजून सिस्टिमचीच लिबसी दाखवतो. माझे लिंकिंग चुकले का?

बहुधा नाही. एलडीडी ही एक शेल स्क्रिप्ट आहे आणि ती सिस्टिमच्या लोडरला विचारते. '/ऑप्ट/...' या पत्त्यापुढे बाण काढून '/लिब६४/...' असे काहीतरी दिसले तर तोच प्रकार. तुमच्या लोडरला विचारा: त्याला '--लिस्ट' आणि बायनरीचे नाव द्या. 'रीडएल्फ -एल' ने बायनरीत कोरलेला लोडर दिसतो, 'रीडएल्फ -व्ही' ने कोणकोणते शिक्के मागितले आहेत ते. सर्वांत खात्रीचा पुरावा चालू प्रोग्रॅमच्या '/प्रॉक/<पीआयडी>/मॅप्स' मध्ये मिळतो. लायब्ररी उचलताना काय घडते ते बघायचे तर 'एलडी_डीबग=लिब्ज' लावा.

परक्या, संशयास्पद बायनरीवर एलडीडी चालवू नका. काही परिस्थितीत त्यातला कोड चालू शकतो.

उलटे हवे आहे: नव्या सिस्टिमवर जुनी जीलिबसी.

हे सीटीएफ (सायबरसुरक्षेच्या स्पर्धा) खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना नेहमी लागते, कारण हीपचे, म्हणजे प्रोग्रॅमने चालताना मागितलेल्या मेमरीचे, वागणे आवृत्तीगणिक बदलते: २.२६ मध्ये टी-कॅश आली, २.३२ मध्ये सेफ-लिंकिंग, आणि २.३४ मध्ये 'मॅलॉक' (मेमरी मागण्याचे फंक्शन) चे 'हुक' गेले. स्पर्धेच्या सर्व्हरवर २.२७ असेल तर तुमच्याकडेही २.२७ च हवी.

जुना सोर्स नव्या जीसीसीने बिल्ड करणे त्रासाचे असते. '--डिसेबल-वेरर' देऊनही बऱ्याचदा अडते. त्यापेक्षा त्या डिस्ट्रोचे तयार पॅकेज घ्या, 'डीपीकेजी-डेब -एक्स' ने इन्स्टॉल न करता उलगडा, आणि पॅचेल्फने बायनरी त्याकडे वळवा.

मर्यादा एकच पण मोठी: नवी लिबसी जुन्या लायब्ऱ्यांना सांभाळून घेते, जुनी लिबसी नव्या लायब्ऱ्यांना नाही. तुमच्या सिस्टिमवरची 'लिबएसएसएल' नव्या जीलिबसीवर बिल्ड झालेली आहे, ती २.२७ वर चढणार नाही. म्हणजे जुन्या जीलिबसीसोबत बाकीच्या लायब्ऱ्याही त्याच काळातल्या आणाव्या लागतात. तिथपर्यंत आलात की कंटेनर (स्वतःच्या लायब्ऱ्यांसह चालणारे बंदिस्त वातावरण) वापरा.

सगळे स्टॅटिक केले की कटकट मिटते ना?

स्टॅटिक म्हणजे लायब्ऱ्या बायनरीच्या आतच भरणे. लहान, स्वतंत्र साधनांसाठी मिटते. जीलिबसी मात्र स्टॅटिक होण्यासाठी घडवलेली नाही. 'गेटअ‍ॅड्रइन्फो' वापरलेत तर लिंकर इशारा देतो की चालवताना त्याच आवृत्तीची शेअर्ड लायब्ररी लागेल. होस्टनेम आणि युजरची नावे शोधणारे एनएसएस मॉड्यूल बाहेरून लोड होतात, हे त्याचे कारण. 'डीएलओपन' आणि 'आयकॉनव्ह' यांचीही तीच गत. शिवाय जीलिबसी एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. बंद सोर्सचा प्रोग्रॅम स्टॅटिक करून वाटलात तर घेणाऱ्याला नवी जीलिबसी जोडता यावी म्हणून ऑब्जेक्ट फाइली उपलब्ध कराव्या लागतात.

मग मसल?

स्टॅटिक बायनरी हवी असेल तर मसल चांगली. रिच फेल्कर यांनी २०११ मध्ये ती प्रसिद्ध केली. परवाना एमआयटी, आणि लोडर व लिबसी ही एकच फाइल, त्यामुळे जोडी फुटण्याचा प्रश्नच नाही. 'मसल-जीसीसी -स्टॅटिक' म्हणायचे, झाले.

पण जीलिबसीवर बिल्ड झालेल्या लायब्ऱ्या तिच्याशी मिसळता येत नाहीत. सगळे अवलंबन मसलवर पुन्हा बिल्ड करावे लागते. थ्रेडला मिळणारा स्टॅक १२८ किलोबाइट असतो, जीलिबसीवर तो सहसा ८ मेगाबाइट. खोल रिकर्शनवाला कोड इथे अचानक पडतो. अनेक थ्रेड एकदम मेमरी मागत असतील तर तिचा मॅलॉक मंद पडतो, तेव्हा जेमॅलॉक किंवा एमआयमॅलॉक जोडा. डीएनएसचे मोठे उत्तर टीसीपीवरून आणण्याची सोय १.२.४ मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये आली. जुन्या मसलवर 'काही होस्ट सापडतच नाहीत' अशी तक्रार असेल तर आधी तिकडे बघा. लोकेलचा आधार नावापुरता आहे, मराठी महिन्यांची अपेक्षा ठेवू नका.

अल्पाइन कंटेनरमध्ये फाइल समोर दिसते आणि तरी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येते!

न सापडलेली फाइल तुमची नव्हे, लोडर आहे. अल्पाइन या छोट्या लिनक्स डिस्ट्रोवर मसल असते, तिथे '/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२' नसते. 'जीकॉम्पॅट' पॅकेजने साध्या बायनरी चालतात. बाकीच्यांसाठी डेबियनची 'स्लिम' इमेज घ्या. वाचलेल्या मेगाबाइटांपेक्षा वाया जाणारा वेळ महाग असतो.

एकाच फंक्शनमुळे मागणी वाढली आहे. तेवढेच जुने घेता येईल?

येते. सोर्समध्ये '.सिमव्हर' ही असेंब्ली सूचना लिहून 'मेमसीपीवाय'ला 'मेमसीपीवाय@जीलिबसी_२.२.५' कडे बांधता येते. एकदोन फंक्शनांसाठी ठीक. '__लिबसी_स्टार्ट_मेन'वर हा प्रयोग करू नका. वर सांगितलेला कन्स्ट्रक्टरचा घोळ तिथे होतो.

बायनरी अनेक ग्राहकांना द्यायची आहे. तुम्ही काय कराल?

चालवण्याच्या मशीनवर जीलिबसी बदलण्यापेक्षा बिल्डच्या मशीनवर जुनी जीलिबसी वापरेन. ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर चालायला हवे तिच्याच कंटेनरमध्ये बिल्ड करायचे. पायथनचे जग हेच करते: पॅकेजवर 'मेनीलिनक्स२०१४' ही खूण म्हणजे २.१७ ची हमी, 'मेनीलिनक्स_२_२८' म्हणजे २.२८ ची. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे नव्या कामासाठी २.२८ हा पाया पुरेसा आहे. रेड हॅटच्या क्लोनवर 'डेव्हटूलसेट' किंवा 'टूलसेट' घेतला की जुन्या जीलिबसीवर नवा जीसीसीही मिळतो.

कंटेनरही नको असेल तर झिग, त्या नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर. होय, सी साठी. 'झिग सीसी' ला टार्गेट देताना शेवटी '.२.२८' असे जोडले की ते नेमक्या त्या आवृत्तीशी लिंक करते. हव्या त्या आवृत्तीची हेडर्स आणि लिंकिंगपुरत्या पोकळ लायब्ऱ्या त्याच्या पोटातच आहेत. लहान-मध्यम प्रकल्पांसाठी याहून सोपे काही माझ्या पाहण्यात नाही.

जीडीबी हा डीबगर थ्रेड दाखवत नाही.

जीडीबी 'लिबथ्रेड_डीबी' नावाची लायब्ररी वापरतो आणि ती लिबसीच्या आवृत्तीशी जुळावी लागते. जीडीबीमध्ये 'सेट लिबथ्रेड-डीबी-सर्च-पाथ /ऑप्ट/जीलिबसी-२.३९/लिब' द्या, आणि तेच फोल्डर 'ऑटो-लोड सेफ-पाथ' मध्येही जोडा. प्रोग्रॅम सुरू करण्याआधी.